नटावरची पिवळी रेघ

पोलीस खात्यात मी नीट काम करू शकलो, त्याचं श्रेय आधी इंगोले गुरुजींना. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या शाळेत ते आम्हाला गणित शिकवायचे. उत्तर बरोबर असलं तरी खाली पडताळा नसेल तर निम्मे गुण कापायचे. "उत्तर आलं म्हंजे गणित संपलं न्हाई. उलटं करून बघ, बसतं का," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. कॉलेजचा अर्जही त्यांनीच शेजारी बसून माझ्याकडून भरून घेतला होता. सेवेतले कितीतरी गुन्हे मी आता विसरलो. निवृत्तीच्या थोडं आधीचा हा एक तपास मात्र गुरुजींची आठवण आली की हटकून आठवतो.

मी तेव्हा हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कनेरगाव नाक्याजवळ भर दुपारी एक टॅक्सी रस्ता सोडून बाभळीवर आदळली. गाडी जेमतेम तीन महिन्यांची. चालकाचा पाय मोडला, मागे बसलेल्या बाईंच्या डोक्याला मार लागला. दोघांच्याही जिवावरचं टळलं होतं. चालक दवाखान्यात एकच सांगत होता, "साहेब, मी स्टिअरिंग फिरवून राहिलो, पण चाक ऐकेचना."

पंचनाम्यात कारण दिसलं. चाकाला स्टिअरिंगशी जोडणारा दांडा असतो, त्याला टाय रॉड म्हणतात. डाव्या बाजूचा तो दांडा सुटून लोंबत होता आणि त्याच्या टोकाचा नट गायब होता. रस्त्यावर शोधूनही तो मिळाला नाही.

संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. "नाक्यावरच्या मिस्त्रीला विचारा. काल गाडी त्याच्याच गॅरेजात होती. अन् दोघांची वाजली बी होती."

चौकशीत हे खरं निघालं. डाव्या चाकातून खडखड आवाज येतो म्हणून चालकाने गाडी मिस्त्रीला दाखवली होती. मिस्त्रीने चाक काढलं, बघितलं आणि परत बसवलं. आवाज काही थांबला नाही. मग चालकाने चहाच्या हॉटेलात दहा माणसांत त्याची टर उडवली, "ह्याच्याकडं सायकल बी नेऊ नका रे." मिस्त्री भडकला आणि म्हणाला, "तुझी गाडी कुठवर जाते, बघतोच मी." दुसऱ्याच दिवशी गाडी बाभळीवर गेली.

धमकी होती, संधी होती, साक्षीदार होते. मिस्त्रीला ठाण्यात बोलावलं. माझ्या अनुभवात खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो. हा एकाच वाक्यावर अडून होता.

"चाक काढलं, व्हय. त्या नटाला हात न्हाई लावला."

"काहून नाही लावला? आवाज तर तिथूनच येत होता."

"नवी गाडी साहेब. कंपनीनं आवळलेला नट. त्याच्यावर कोण शंका घेतं?"

त्याची बायको बाहेर बाकावर बसून होती. मी दिसताच उठली.

"साहेब, ह्यांनी मुद्दाम गाडी पाडली म्हंता? वो, घरचा पंखा दिवाळीपासून कुरकुर करून राहिला, त्याला हात लावंना हा मानूस. ह्याला येवढी खटपट व्हते का?"

ठाणे अंमलदार तोंड फिरवून हसला. बाईच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं तर नवरा किती वर्षं आत जाईल, हे तिला कोणीतरी सांगून ठेवलं होतं.

हवालदार कागद घेऊन आले. "साहेब, अटकेचं बी तयार हाय, रिमांडचं बी. सही करा. सगळं बराबर जुळून राहिलं."

जुळत होतं खरं. पण खाली पडताळा नव्हता. मी मिस्त्रीला दुसऱ्या दिवशी हजर राहण्याची नोटीस देऊन घरी पाठवलं आणि गाडीच्या कंपनीला कळवलं.

कंपनीकडून गुणवत्ता विभागातली एक तरुण इंजिनिअर आली. खरं सांगायचं तर ती कंपनीची बाजू सावरायला आली असणार, असं मी गृहीत धरलं होतं. आरटीओचे निरीक्षक, दोन पंच आणि मिस्त्री असे सगळे आम्ही ठाण्याच्या आवारातल्या त्या गाडीजवळ जमलो. तिने आधी चांगलं असलेलं उजवं चाक दाखवलं. तिथल्या नटावरून दांड्याच्या टोकापर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ होती.

"नट ठरलेल्या ताकदीने आवळला की दुसरा माणूस तपासतो आणि ही रेघ ओढतो," ती म्हणाली. "नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते."

"आणि नट काढून टाकला तर?" मी विचारलं.

"निम्मी रेघ दांड्यावर राहते."

मी फोटो काढायला लावले आणि पंचांसमोर मिस्त्रीला उजवा नट खोलायला सांगितलं. नट निघाला. दांड्याच्या टोकावर पिवळा ठिपका तसाच होता. मग आम्ही डाव्या बाजूला वळलो. तिथे पिवळ्या रंगाचा कणही नव्हता. कोणी खरवडला असेल, अशी शंका मी काढली. आरटीओच्या निरीक्षकांनी भिंग लावून पाहिलं. मूळचा काळा थर अखंड होता, कुठे ओरखडा नव्हता.

इंजिनिअर सरळ म्हणाली, "सर, ही रेघ कधी ओढलीच गेली नाही. नट हाताने बसवला, पण आवळायचा राहिला. चूक आमची आहे. माझ्या जबाबात तसंच लिहा."

तिथूनच तिने कारखान्यात फोन लावला. तिचं पहिलं वाक्य होतं, "सर, आधी असेंब्ली लाईन थांबवा. बाकीचं नंतर बोलू." पलीकडून वाद झालेला दिसला नाही. चूक कोणी केली, हे तिने विचारलं नाही. चूक तपासणीतून निसटली कशी, एवढंच विचारत होती. आमच्या ठाण्यात मात्र पहिला प्रश्न कायम 'कोणी केलं' हाच असायचा.

पुढे कळलं, की चहाच्या सुट्टीच्या वेळी काम एका हातातून दुसऱ्या हातात गेलं होतं आणि आवळून झालंय असं दुसऱ्याने गृहीत धरलं होतं. त्या पाळीतल्या सगळ्या गाड्या शोधून तपासल्या गेल्या. वाशीमकडच्या एका गाडीचा नटही तसाच सैल निघाला. ती गाडी रोज शाळेची लेकरं ने-आण करायची.

जुळणारी गोष्ट आणि खरी गोष्ट यांत फरक असतो, हे त्या तपासाने मला पक्कं शिकवलं. प्रकरण मिटल्यावर गुरुजींना पत्र टाकलं, ते असं:

"आदरणीय गुरुजींना सादर नमस्कार,

मध्यंतरी एक गणित सोडवलं. उत्तर आलं होतं, हवालदारांनी सहीसाठी पुढेही ठेवलं होतं. तुमची आठवण झाली म्हणून उलटं करून पाहिलं. बसलं नाही. उत्तर चुकल्याचा इतका आनंद मला शाळेत कधी झाला नव्हता.

तो मिस्त्री आता नट आवळला की बायकोच्या नेलपॉलिशने त्यावर रेघ ओढतो. तिची तक्रार आहे, की एक बाटली महिनाभर पुरत नाही. पंखा अजून कुरकुरतोच म्हणे.

काल माझ्या गाडीचं चाक त्याच्याकडून बसवून घेतलं. सगळ्या नटांवर गुलाबी रेघा आहेत. ठाण्यातले लोक हसतात. मी पुसलेल्या नाहीत.

आपला विद्यार्थी"