सुरात मागितलेलं पाणी

१८६४ साली कापसाला सोन्याचा भाव होता. भर वेचणीत तिवशाच्या मनकर्णाबाईची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. वैद्यांनी आशा सोडली. सून रुख्मिणी मात्र तिला रोज वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसवी.

एकदा वेचणीच्या गाण्यात घरच्या लेकींची नावं घेताना रुख्मिणी धाकटीचं विसरली. धुऱ्यावरून सासूनं ती ओळ नावासकट गाऊन पुरी केली.

बोलणं मेंदूच्या डाव्या भागात असतं, पण सुरातले शब्द उजवाही सांभाळतो, हे तिथं कोणाला ठाऊक? रुख्मिणीनं त्याच चालीत ‘पाणी दे’ शिकवलं. महिन्याभरात सासू गाऊन पाणी मागू लागली.

“पयले वरडे, आता गाऊन राहिली,” मनकर्णाबाईचा नवरा शेषराव म्हणाला. “मले हेच बरं.”

“गप बसा,” मनकर्णाबाईनं त्याच चालीत म्हटलं.