वाढत्या चंद्रातले वाल

चार बायका भाजी निवडायला बसल्या की देठांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. नव्वद सालच्या आसपास नवीन पनवेलला, बिल्डिंगमागच्या जागेत आम्ही चौघींनी वाफे केले, तेव्हापासूनचे माझ्याकडे ढीगभर साठलेत.

शिकवायला जवळच्या विचुंबे गावच्या हौसाआक्का यायच्या. वेल-शेंगा वाढत्या चंद्रात, मुळा-रताळी उतरत्या चंद्रात, अमावास्येला बागेला सुट्टी! आम्ही कॅलेंडर बघून सगळं पाळायचो.

*

तळमजल्यावरचे जोशी सर शाळेत सायन्स शिकवायचे. त्यांनी मेथीचे दोन वाफे केले, एक वाढत्या चंद्रात, एक उतरत्या. दोन्ही सारखेच तरारले. "बघा आक्का, काही फरक नाही!"

"दोन्हीला पाणी रोज घातलंत?"

"अगदी वेळेवर."

"मंग चंद्राला काम काय ठेवलंत, मास्तर?"

*

याच सरांनी वेलाच्या मांडवासाठी भर पौर्णिमेला बांबू तोडले. आक्का सांगत होत्या, "अंधाऱ्या पंधरवड्यात तोडा, नायतर कीड लागल." सर हसले.

तीन महिन्यांनी मांडवाखाली चहा पिताना कपात पिवळा भुगा पडला. जोशीवहिनी म्हणाल्या, "प्या आता, पौर्णिमेचं चांदणं!"

*

माझ्या शेजारच्या मीनाताई केस कापायलाही चंद्र बघू लागल्या. नवरा वैतागला. "लग्नही चंद्र बघूनच केलंस का?"

"हो तर! वाढत्या चंद्रात. पोट उगीच सुटलंय का तुमचं?"

*

आक्कांची जमीन प्लॉटसाठी विकली गेली, त्या वर्षी त्यांनी राखेत घोळलेले मूठभर वाल माझ्या ओंजळीत ठेवले. "सासूच्या हातचं बियाणं हाय. दुसरं नाय माज्याकडं. वाढत्या चंद्रात टोक."

तिथी बघून मी सगळे मातीत टोकले. दुसऱ्या दिवशी मीनाताई माझ्या स्वयंपाकघरात किंचाळल्या, "अगं, हे कॅलेंडर मागच्या वर्षीचं!"

पाठीवर छापलेल्या लोणच्याच्या कृतीसाठी जुनं काढलं होतं, तेच मी खिळ्याला परत अडकवलं होतं. चंद्र उतरता होता. आणि चार वर्षं चंद्र पाळणाऱ्या आम्हा चौघींपैकी एकीनेही मान वर करून आभाळात बघितलं नव्हतं!

कोंब दिसेपर्यंत मला घास गोड लागेना. मग वेल चढला, शेंगा धरल्या, वाळल्या. आक्का आल्या. पहिली शेंग सोलून दाणे त्यांनी पदराच्या गाठीत बांधले. मला राहवेना. "आक्का, चुकले हो मी. उतरत्या चंद्रात टोकले!"

आक्कांनी चटकन वेलाकडे पाहिलं आणि माझ्या तोंडावर हात ठेवला.

"हलू बोल गो बाय. त्याला नाय म्हाईत!"