घरी जोडलेल्या गाडीची परीक्षा

पहिल्या लॉकडाऊनमध्ये इथल्या, डच मुलखातल्या, आमच्या ओळखीतल्या समस्त मराठी पुरुषवर्गाला काही ना काही झालं. एकाने घरी पाव भाजायला घेतले, एकाने ऑनलाइन पेटीचा क्लास लावला, युट्रेख्टच्या एका मित्राने दाढी वाढवून ग्रुपवर दर आठवड्याला तिचे फोटो टाकायला सुरुवात केली. माझ्या नवऱ्याने मोटारगाडी बांधायला घेतली.

पुण्यात असताना पंक्चर झालेली स्कूटर ढकलत नेण्यापलीकडे या माणसाने कुठल्याही वाहनाची सेवा केलेली नव्हती. स्लोटरडाइकच्या ऑफिसात तो सॉफ्टवेअर तपासायचा, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायचा, आणि यात तो इतका तरबेज होता की घरी आमटीतल्यासुद्धा काढायचा. ऑफिस बंद झालं आणि रायस्वाइकच्या आमच्या घरात त्याला चुका काढायला मी एकटीच उरले. त्यामुळे तो शेजारी जाऊ लागला तेव्हा मी अडवलं नाही.

शेजारी एक डच गृहस्थ एकटेच राहायचे. जहाजांच्या इंजिनांवर काम करून निवृत्त झालेले. आम्ही आपसात त्यांना आजोबा म्हणायचो. त्यांच्या गॅरेजमध्ये एका गाडीचे सुटे भाग वर्षानुवर्षं खोक्यांत पडून होते. लोखंडी सांगाडा, फायबरचं अंग, दुसऱ्या एका जुन्या गाडीतून काढलेलं इंजिन. सगळं घरी जोडायचं, मग सरकारी केंद्रात नेऊन तपासून घ्यायचं, पास झाली तर रस्त्यावर आणायची. बायको आजारी पडली तेव्हा त्यांनी ती खोकी बंद केली, आणि ती गेल्यावर उघडलीच नव्हती. एका दुपारी कुंपणावरून गप्पा मारताना नवरा म्हणाला, "उघडून बघू या का?"

आता सरकारचा नियम दीड मीटर अंतराचा, आणि गॅरेज एका माणसापुरतं. त्यामुळे एक जण आत काम करायचा आणि दुसरा अंगणात उभा राहून ओरडून सांगायचा. "डावीकडचा! नाही, तुझ्या डावीकडचा!" मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मीटिंगा करायची आणि ब्रेकच्या नळ्यांपासून पेट्रोल पंपाच्या बटणापर्यंत सगळी चर्चा माझ्या माइकमधून ऑफिसपर्यंत पोचायची. माझ्या मॅनेजरने एकदा विचारलं, "त्या क्लचचं शेवटी झालं का काही?"

वर्षभराने गाडी उभी राहिली. दोन सीटांची, निळी, जमिनीला जवळजवळ टेकलेली. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना दाखवली तर त्या म्हणाल्या, "अरे, अर्धीच आहे! बाकीची कुठेय?" मग मला म्हणाल्या, "अगं, काही का असेना, परीक्षेला न्यायच्या आधी लिंबू-मिरची बांधा हं." नवऱ्याने विज्ञानाची पदवी बाजूला ठेवून पुढच्या जाळीला लिंबू-मिरची बांधली.

तपासणीच्या दिवशी आजोबांनी गाडी ट्रेलरवर चढवली. एकाच गाडीतून जायची सोय नव्हती, म्हणून ते एकटे पुढे आणि आम्ही दोघं आमच्या साध्या, कारखान्यात बनलेल्या गाडीतून मागे. आत एकालाच प्रवेश होता. लस मिळेपर्यंत बंद जागेत पाऊल टाकायचं नाही असं आजोबांना त्यांच्या लेकीने बजावलं होतं, त्यामुळे नवरा आत गेला. मी आणि आजोबा दाराबाहेर अंतर राखून उभे. दार उघडंच होतं, सगळं दिसत आणि ऐकू येत होतं.

तपासनीस हा एक लांबलचक माणूस होता. गाडीला छप्पर नव्हतं म्हणून तो तिच्यात मावला तरी. आधी त्याने गाडीभोवती फेरी मारली. कुठे कोणाला लागेल अशी धार नाही ना, हे बोटं फिरवून पाहिलं, आणि पुढे येऊन थबकला.

"हे काय आहे?"

"संरक्षण," नवरा म्हणाला.

"कशापासून?"

नवऱ्याचं डच अशा विषयांपर्यंत पोचलेलं नव्हतं. तो म्हणाला, "लोकांच्या बघण्यापासून."

"पण माझं कामच बघायचं आहे," तपासनीस म्हणाला, आणि त्याने काहीतरी टिपून घेतलं.

गाडी नापास झाली. हेडलाइट नियमापेक्षा खाली होते, सायलेन्सरचा आवाज जास्त होता, समोर एक बोल्ट उघडा होता, आणि पुढे एक भाजी लोंबत होती. परत येताना नवरा धुमसत होता. "माणसाने वर्षभर रक्त आटवायचं आणि यांनी बारीकसारीक चुका काढायच्या!"

"तू ऑफिसात काय करतोस रे?" मी विचारलं.

त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

पुढचे काही आठवडे पुन्हा आरडाओरडा चालला. सायलेन्सर बदलला. बोल्टला टोपी बसली. दिवे वर घेण्यासाठी लोखंडी पट्ट्या लावल्या. त्यामुळे गाडीच्या चेहऱ्यावर कायमचं आश्चर्य आलं. लिंबू-मिरची मात्र सासूबाईंच्या समाधानासाठी आजोबांच्या ट्रेलरला बांधली. त्याला कोणाची हरकत नव्हती.

दुसरी तारीख ऐन वसंतात मिळाली. या दिवसांत इथली झाडं हवेत परागकण सोडतात आणि नवऱ्याच्या नाकाला धार लागते. दाराशी काचेमागे बसलेल्या बाईंनी विचारलं, "काही लक्षणं?" नवरा "नाही" म्हणाला आणि लागोपाठ शिंकला.

"ॲलर्जी आहे ही," तो डोळे पुसत म्हणाला.

"शक्य आहे," बाई म्हणाल्या. "पण आत जाता येणार नाही. तुमच्याबरोबर कोण आहे?"

त्याच्याबरोबर एकाच घरात राहणारी आणि एकाच गाडीतून आलेली मी होते. पण मी शिंकले नव्हते, म्हणून मी नियमात बसत होते. जेवणाचा डबा नवऱ्याच्या हातात देऊन मी आत गेले.

तपासनीस तोच होता. त्याने माझ्या मास्ककडे, मग गाडीच्या आश्चर्यचकित चेहऱ्याकडे पाहिलं.

"या पट्ट्या कशाला?"

"दिवे वर घ्यायला. तुम्हीच सांगितलं होतं."

"ब्रेकच्या नळ्या कुठून नेल्या आहेत?"

मी सांगितलं. जोड कुठे आहेत तेही सांगितलं, आणि मागची नळी आधी सायलेन्सरच्या फार जवळ होती, ती नंतर आतल्या बाजूने वळवली, हेही सांगितलं. माझं मलाच नवल वाटलं. वर्षभर मीटिंगमध्ये लोक काय बोलले यातलं एक अक्षर मला आठवत नव्हतं, पण ही गाडी मला तोंडपाठ होती.

मग आवाजाची चाचणी. तो मागे यंत्र धरून उभा राहिला आणि मला म्हणाला, इंजिन चालू करा, सांगतो तितका वेग धरून ठेवा. मी पेट्रोल पंपाचं बटण दाबलं, किल्ली फिरवली, पाय दाबला. ज्या आवाजाने मी वर्षभर कावले होते तो आता माझ्या पाठीतून, तळपायांतून आत शिरत होता. वाईट गोष्ट ही, की मला तो आवडला. मी पाय आणखी थोडा दाबला.

"पुरे, बाई, पुरे," तपासनीस मागून ओरडला.

सगळं संपल्यावर त्याने मान हलवली. "वाईट नाही," तो म्हणाला. इतकी वर्षं इथे राहून डच माणसाकडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

बाहेर दोघं प्रसूतिगृहाबाहेर थांबल्यासारखे येरझाऱ्या घालत होते. "झाली पास," मी म्हटलं. नवरा आनंदाने ओरडायला गेला आणि शिंकला. आजोबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढून पुसला.

पुढे नंबरप्लेट आली आणि आजोबांची लसही झाली. पहिल्यांदा गाडी बाहेर काढायची तेव्हा चालवणार कोण, यावर नवरा भाषणाच्या तयारीत होता. आजोबांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "परीक्षा हिने दिली," ते म्हणाले. दोनच सीटा असल्यामुळे नवरा सायकलवरून आमच्यामागे निघाला. पहिल्या चौकापर्यंत तो आरशात दिसत होता.

गावाबाहेर दोन्ही बाजूंना काचेची हरितगृहं सुरू झाली. वाऱ्यात बोलायचं तर ओरडावं लागत होतं. आजोबांना त्याची सवय होतीच.

"माझी बायको यात बसली नसती," ते म्हणाले.

"का?"

"केस विस्कटतात म्हणाली असती."

हरितगृहं संपून समुद्राकडचा मोकळा रस्ता लागला तेव्हा माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "याहून जोरात जाते का गं ही?"

"जाते," मी म्हटलं.