एका पान्याला एक चप्पल

मला हात दिला तो माझ्या घरमालकीणबाईंच्या थोरल्या भावाने. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्यावर बराच चिडणार आहे, आणि चिडण्याच्या भरात मुख्य गोष्ट राहून जायची. चिडायला कारणही आहे. त्यांच्याइतका हट्टी, संशयी आणि आपल्या हट्टालाच शास्त्र म्हणवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नाही. असलाच, तर तो यांच्याकडून एखादा पाना उसना घेऊन अनवाणी फिरत असेल.

मी मूळचा कोकणातला. सातवीनंतर शाळेचा आणि माझा संबंध राहिला नाही. मोटार चालवायला शिकलो आणि ओळखीच्या ओळखीने पार वाशीमला, कापसाच्या एका जिनिंगच्या मालकांच्या काळ्या मोटारीवर जाऊन पडलो. आईला सांगून आलो होतो की मोठी नोकरी आहे. त्यामुळे नोकरी जाईल की काय, ही धास्ती मला जागेपणी असायची आणि झोपेतही. काकूंनी, म्हणजे घरमालकीणबाईंनी, मागची खोली दिली, ज्वारीच्या भाकरीची सवय लावली आणि दिवस बुडायच्या आत जेवायचीही, कारण त्या जैन घरात अंधार पडल्यावर कोणी घास तोंडात घालत नसे. अख्खं वाशीम ज्यांना मामाजी म्हणे त्या आपल्या भावाबद्दल मात्र काकूंनी पहिल्याच आठवड्यात सावध केलं होतं. "दादाकडं भांडं घ्याले खुशाल जा," त्या म्हणाल्या, "पन तिथं टांगलेल्या लोखंडाकडं पाहू नको."

मामाजींचं भांड्यांचं दुकान होतं. तांब्याचे हंडे, पितळी पराती, झारे, पळ्या, आणि झाऱ्या-पळ्यांच्या मधोमध ओळीने खिळ्यांवर टांगलेले मोटारीचे पाने. मध्ये मध्ये रिकामे खिळे. केनवडच्या एका बाईंनी रिंग पान्याकडे बोट दाखवून "हे कायचं उलथनं हाय?" असं विचारलं, तेव्हा मामाजी इतके दुखावले की त्यांनी त्या बाईंना पितळी डबा विकायलाच नकार दिला. वास्तविक यांना स्वतःला मोटार चालवता येत नव्हती, दुरुस्ती तर दूरच. उमेदीच्या काळात मित्राबरोबर भागीदारीत एक जुनी मोटार घेतली होती. भागीदारी मोडली तेव्हा मित्राने मोटार नेली आणि यांनी हत्यारांची पेटी मागून घेतली. लोक हसले. "हसू दे," मामाजी म्हणत, "मोटार कधीचीच भंगारात गेली. माहे पाने पाहा, नवरदेवावानी हायेत." सकाळी देवळातून आले की आधी तिळाच्या तेलाने पाने पुसायचे, मग गल्ला उघडायचा. लग्नाच्या भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नावं घालतात तशी प्रत्येक पान्यावर नाव, गाव आणि खाली 'शुभं भवतु'. त्या 'शुभं भवतु'मुळे पाना हातात कसाही धरायची चोरी. अक्षरं पालथी धरली की ते ओरडत.

पण हे सगळं परवडलं. परवडत नसे तो त्यांचा नियम. पाना उसना हवा असेल तर तारण म्हणून एक चप्पल काढून द्यायची. एका पान्याला एक. पैसे चालत नसत. "पैसे ठेवून घ्या की," असं मी एकदा म्हणालो, तर माझ्या शिक्षणाची कीव करत म्हणाले, "पैशे ठेवले तं मानूस म्हनते, जाऊ दे, पाना इकत घेतला. चप्पल तसं म्हनू देत नाई. पायात राह्यलेली रोज इचारते, माही जोडीदारीन कुठं हाय?" त्यामुळे बाजारात एका पायात चप्पल घातलेला माणूस दिसला की लोक "पाय काहून उघडा?" असं विचारत नसत, "काय बिघडलं?" असं विचारत. अनसिंगचा एक ट्रॅक्टरवाला तर एका चपलेनिशी मुलीच्या साखरपुड्यात वावरला आणि व्याही लोकांना तो तिकडचा रिवाज वाटला. दुकानाच्या फळीखाली अशा एकेकट्या चपलांचा ढीगच होता. मला वाटायचं, केवढं हे गिऱ्हाईक! पाना परत आला की मामाजी तो नाकाशी नेऊन हुंगत. "यानं ठोकलं तू." "नाही हो मामाजी." "मंग हा मार कायचा हाय? पाना हाय तो, हातोडी नाई. तुले कोनी पायानं वाढलं तं चालन काय?"

आणि एप्रिलातल्या एका दुपारी आमच्या मोटारीचा पाण्याचा पंप गेला. वाशीमच्या अलीकडे कोसभरावर बॉनेटमधून वाफ निघाली आणि मोटार बसली. शेवटी बैलजोडी लावून ती वाशीमला आणली. मालक आत, डोक्यावर टोपी, आणि कोणी ओळखू नये म्हणून त्या उन्हात काचा वर केलेल्या. सगळ्या तालुक्यात काळी मोटार एकच होती, त्यामुळे बैलसुद्धा ओळखत होते. काकूंच्या दारातल्या कडुनिंबाखाली मोटार उभी राहिली, मालक घामाने निथळत उतरले आणि सगळा राग माझ्यावर काढला.

"उद्या माह्या पोरीले पाह्याले पाहुने येऊन राह्यले. अकोल्याहून आनाचे हायेत. सकाळी गाडी दारात नसली तं तू बी दारात दिसू नको. जा तुह्या कोकनात!"

पंप काय मी खाल्ला होता? महिनाभर सांगत होतो की पाणी ठिबकतंय. नवा पंप आणून डिकीत गुंडाळून ठेवलेलाही होता. पण "चालून राह्यली तवर चालू दे" हे मालकांचं उत्तर. गावातला मेकॅनिक हत्यारांना कुलूप घालून किन्हीराजाला लग्नाला गेलेला. पंप बदलणं ही काही फार मोठी विद्या नाही. डायनॅमो सैल करून पंख्याचा पट्टा उतरवायचा, पंखा काढायचा, पुली ओढायची, पंपाचे बोल्ट सोडायचे, आणि मग हेच सगळं उलटं. मी ते होताना पाहिलं होतं. पण त्याला एक रिंग पाना हवा, एक लांब दांड्याचा पाना हवा, आणि आमची पुली गंजून बसलेली असल्यामुळे ती ओढून काढायला पुलर हवा, तो तीन आकड्यांचा, विंचवासारखा दिसणारा. माझ्याकडे एक पेचकस होता आणि भीती.

मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. रिंग पाना काढला, डावी चप्पल घेतली. लांब पाना काढला, उजवी घेतली.

"आणि पुलर, मामाजी."

"पाय संपले तुहे."

"मामाजी, माझी नोकरी जाईल हो!"

"पुलर गेला तं दुसरा भेटत नाई." मग जरा विचार करून म्हणाले, "गाडी कोनाची?"

"मालकांची."

"मंग पुलरच्या बदल्यात मालकाचाच बूट."

काकू मागोमाग आल्याच होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "दादा, लाज वाटू दे! पोराच्या पायाले चटके बसून राह्यले."

"मंग पयत जाईन. काम लवकर होईन."

मी खरंच पळत गेलो. वाशीमचा तो रस्ता अजून माझ्या तळपायांना पाठ आहे. निरोप कसा सांगितला मला आठवत नाही, पण मालक तांबडेलाल होऊन टांग्यातून दुकानावर आले हे आठवतं.

"बूट? माहा बूट? मी कोन हाय, माहीत हाय ना मामाजी?"

"माहीत हाय. तुह्या लग्नाची भांडी म्याच देल्ली."

"भाडं घ्या न पुलरचं!"

"भाड्यानं घोडा भेटते. तिकडं पाहा." आणि मामाजी शांतपणे दुकानाची एक फळी लावू लागले. दिवस कलला होता. जेवणाच्या वेळेआधी त्यांचं दुकान बंद होई.

मालकांनी एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. उद्यासाठी घेतलेला कोरा काळा बूट काढून फळीवर आपटला आणि म्हणाले, "गाडी झाली तरी या पोट्ट्याले मी ठेवत नाई! सांगून ठेवतो!" मामाजींनी बूट उचलला, धूळ झटकली आणि परातींच्या मधे, देवासारखा, मांडला.

म्हणजे आता काम केलं तरी नोकरी जाणार होती. मला मामाजींचा इतका संताप आला की पुलर घेताना मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तर हे महाशय माझ्या मागोमाग कडुनिंबाखाली हजर! पुलरवर लक्ष ठेवायला. स्टूल मागवून बसले आणि मी बोल्ट सोडत असताना "हळू", "अक्षरं वर", "त्याले दम घेऊ दे" असं पान्याच्या वतीने बोलत राहिले. पट्टा उतरला, पंखा निघाला, पुली मात्र तसूभर हलेना. काकू दारातून म्हणाल्या, "दादा, दिवस बुडून राह्यला. ताट वाढलं."

"येतो. पुलर बाहेर हाय."

काकूंनी तीनदा बोलावलं. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा ऊन फक्त कडुनिंबाच्या शेंड्यावर होतं, आणि मग तेही गेलं. त्यानंतर काकूंनी बोलावलं नाही. मी वैतागून एक धोंडा उचलला.

"माह्या पुलरले दगड दाखवतं काय बे!"

धोंडा हातातून पडला आणि मला रडूच आलं. आई आठवली, नोकरी आठवली, भाजलेले पाय आठवले. मामाजी स्टुलावरून उठले नाहीत. "रडून कायले राह्यला? डोळ्यातलं पानी रेडिएटरमंदी टाक. तिथं गरज हाय." मी चिडून, सगळा जीव एकवटून पुलरचा दांडा फिरवला, आणि पुली कट्‌कन सुटली. संधिप्रकाश जायच्या आत नवा पंप बसला, पट्टा ताणला, इंजिन सुरू झालं. एक थेंब ठिबकत नव्हता. मामाजी इंजिनकडे नव्हे, पुलरच्या आकड्यांकडे पाहत होते. तसेच उपाशी घरी गेले. जाताना पुटपुटले, "तुह्यासाठी नाई बसलो मी."

सकाळी दुकान उघडताच मी पाने घेऊन उभा, आणि मालक टांग्यात, एका पायात बूट. मामाजींनी पाने हुंगले, माझ्या दोन्ही चपला दिल्या, पुलर पुसून खिळ्यावर टांगला. बुटाला हात लावला नाही.

"आला न पुलर! द्या बूट!" मालक ओरडले.

"आला. पोराची नोकरी आली काय?"

"तिचा अन् बुटाचा काय संबंध?"

"काल बूट ठेवला, त्याच्यासंगच ते बोलनं इथं ठेवून गेला तू. दोन्ही वापस घेऊन जा. एक नेता येत नाई."

अकोल्याची वेळ होत होती. मालकांनी टांग्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि दातओठ खात म्हणाले, "बरं, घेतलं! ठेवतो याले! आता तं द्या!" पाहुण्यांनी मुलगी पसंत केली. माझी नोकरीही राहिली.

कोणी म्हणेल, केवढे उपकार! आहेतच. पण मी विचारतो, आदल्या दिवशी नुसता पुलर दिला असता तर मालक चिडले असते कशाला आणि नोकरी धोक्यात आली असती कशाला? हे मी मामाजींना पुढे अनेकदा ऐकवलं. ते पाने पुसत राहत.

वर्षभराने बडोद्याच्या या गॅरेजात जागा असल्याचं कळलं. अट एकच, हत्यारं स्वतःची हवीत. मी मामाजींकडे काही मागायला गेलो नव्हतो, नुसता पाया पडायला गेलो होतो. त्यांनी रिंग पाना, लांब पाना आणि पुलर उतरवून कापडात बांधले. "तिथं पह्यले हत्यार पाहतीन, तोंड मंग. चप्पल काढ. डावी."

"तीन पाने आहेत, मामाजी."

"दूर जाऊन राह्यला. एकच ठेव." मग वाकून फळीखालच्या ढिगात हात घातला. "एका पायानं बडोद्याले जाशीन काय? पाय दाखव."

ते एकेक चप्पल काढून माझ्या पायाशी लावून पाहू लागले. प्रत्येकीवर बोटभर धूळ. अंगठे वाळून कडक झालेले, एकीत कोळ्याने घर केलेलं. मी म्हणालो, "मामाजी, ही कोणाची? तो पाना घेऊन येईल तेव्हा?"

"आता काय येते तो," मामाजी म्हणाले आणि चप्पल माझ्या पायात सरकवली. "पायाले होते. जा, गाडी चुकन."

मी वर पाहिलं. झाऱ्या-पळ्यांच्या मधले ते रिकामे खिळे. ज्याला मी गिऱ्हाईक समजत होतो ते सगळे पाने घेऊन गेलेले, परत न आलेले लोक होते. आणि हा माणूस, चप्पल सोडून कोणी जात नाही असं मला छातीठोकपणे सांगणारा, रोज सकाळी तो ढीग बघून, राहिलेले पाने पुसून, पुन्हा कोणाला तरी पाना देत होता. मला पुन्हा संतापच आला. या वेळी त्यांचा नाही.

तर त्यांचे तिन्ही पाने माझ्या पेटीत आहेत. इथले लोक हसतात, पण मी ते रोज तिळाच्या तेलाने पुसतो. त्या परक्या चपलेलाही मी सांभाळून ठेवलं आहे. एक ना एक दिवस मी वाशीमला जाणार आहे. तीन खिळे तर भरणारच, पण कमाईतून जमतील तसे आणखीही. माझी डावी चप्पल त्या ढिगात धूळ खात मी राहू देणार नाही, मामाजी. तिन्ही पाने हवे तितके हुंगा. एकानेही मी ठोकलेलं नाही.