तळ्याला कुंपण घातलं तेव्हा

देवनहळ्ळीच्या अलीकडे, आमच्या सोसायटीमागे एक तळं आहे. आम्ही पुण्याहून इथे राहायला आलो तेव्हा त्यात सांडपाणी यायचं. वासाने खिडक्या उघडता यायच्या नाहीत. आम्ही काही जणांनी समिती केली, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, सांडपाणी बंद करवलं. तीन वर्षांनी तळ्यातल्या बेटावरच्या बाभळींवर चित्रबलाक उतरले. उंच करकोचे, पिवळी चोच, शेपटीकडे गुलाबी पिसं. त्यांनी घरटी केली त्या दिवशी मी बाल्कनीत उभी राहून रडले होते.

काठावर अक्का राहायची. निपाणीकडची, एकटी, दोन गाई पाळून दूध विकणारी. करकोच्यांना ती कानडीतलं 'कोक्करी' म्हणायची. तळ्याकाठचं गवत कापताना घरट्यातून पडलेलं पिल्लू आधी तिलाच दिसायचं. उन्हाळ्यात पाणी आटलं की कुत्री चिखलातून बेटापर्यंत जात. ती काठी घेऊन त्यांच्यामागे धावायची. एक पिल्लू तर तिने गोठ्यात ठेवून, छोटे मासे चारून वाढवलं. ते गाईंच्या मागे मागे चालायचं.

"पडलेल्याला घ्यायला आई खाली येत नाही बघा, ताई," ती मला म्हणाली होती.

मग समितीत कुणीतरी म्हणालं, गुरांमुळे पक्षी बिचकतात. कुंपण घालायचं ठरलं. अक्काबद्दल मी बोलायला हवं होतं. सगळ्यांचे हात वर गेले, माझाही.

फाटकावरच्या रखवालदाराने तिला अडवलं, तेव्हा ती पहिल्यांदाच माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"तुम्ही मीटिंगला असता न्हवं? सांगा की त्यास्नी. स्वल्प गवत घेते आन् जाते."

मी पुढच्या बैठकीत विषय काढला. नियम सगळ्यांना सारखा, असं उत्तर आलं, आणि मी विषय सोडून दिला. दोन महिन्यांत अक्काने गाई विकल्या. भावाकडे निघताना निरोप घ्यायला आली. "माझ्यासाठी शब्द टाकलासा, लई झालं," म्हणाली. माझा हात वर होता, हे मला तिला सांगता आलं नाही.

यंदा घरटी दुपटीने वाढली. एप्रिलमध्ये एका सकाळी कुत्री कुंपणाखालून शिरलेली बाल्कनीतून दिसली. मी ओरडत खाली धावले. रखवालदाराने किल्ली शोधून फाटक उघडेपर्यंत चिखलात नुसती पिसं उरली होती.

दुपारी अक्काला फोन लावला.

"आली का कोक्करी यंदा?" तिने विचारलं.

"आली," मी म्हटलं. "खूप आली."