राहिलेले साडेचारशे मीटर

"अहो काका, पट्टा द्या! आधी पट्टा!" मी ओरडत होतो. शेजारी माझ्या ऑफिसातली पल्लवी दोन्ही हात पुढे करून उभी होती आणि तीही ओरडत होती. आमच्या आवाजाने खराडीतल्या त्या काचेच्या इमारतींच्या काचा थरथरल्या. नदीतल्या म्हशी पाण्याबाहेर आल्या असंही मी म्हणणार होतो, पण ते मी स्वतः पाहिलेलं नाही.

आणि आमचे काका? वय वर्षं चौसष्ट. सायकलची पाचवी आणि शेवटची फेरी संपवून ते आमच्यासमोर आले, घंटी वाजवली, हँडलवरच्या मीटरकडे पाहिलं आणि म्हणाले, "साडेचारशे मीटर कमी आहे. आलोच."

एवढं बोलून त्यांनी सायकल वळवली आणि परत रस्त्याला लागले. आलोच म्हणे. जसं काही पिशवीत कोथिंबीर टाकायची राहिली होती.

ड्युएथलॉन म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही ते सुखी आहेत. आधी धावायचं, मग सायकल चालवायची, मग पुन्हा धावायचं. धडधाकट लोक हे सगळं एकट्याने करतात, आमच्यासारखे तिघांत वाटून घेतात. पहिले पाच किलोमीटर धावायला मी, वीस किलोमीटर सायकलला काका, शेवटचे अडीच किलोमीटर पल्लवी. घोट्याला एक पट्टा बांधायचा, त्यात चिप असते. एकाने तो सोडून दुसऱ्याला दिल्याशिवाय दुसऱ्याला पाऊल उचलता येत नाही. आणि तिघांचं मिळून सगळं दोन तासांत संपवायचं.

आमचा पट्टा त्या क्षणी काकांच्या घोट्याला होता आणि काका उलट्या दिशेने निघाले होते.

हे गृहस्थ सदाशिव पेठेत आमच्या समोरच्या दारी राहायचे. वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सगळी नोकरी दुकानादुकानांतले तराजू तपासण्यात गेली, आणि निवृत्त झाले ते फक्त कागदोपत्री. तुमच्याही इमारतीत असा एक काटेकोर माणूस असेल, नाही म्हणत नाही. पण तुमच्याकडचा नंतर तसा झालेला असतो. आमचे जन्मजात होते. सुईणीने यांचं वजन सांगितलं असेल तेव्हा यांनी रडणं थांबवून काट्याकडे पाहिलं असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

"काटा काय म्हणतो?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. मी जिन्यात म्हणालो, वजन जरा उतरलंय, की "काटा काय म्हणतो?" काकू म्हणाल्या, आज फार उकडतंय, की "काटा काय म्हणतो?" आणि भिंतीवरच्या तापमापकाकडे बोट.

मंडईत ते शिरले की तराजू आपोआप सरळ व्हायचे. पारड्याच्या खाली चिंचेचा गोळा चिकटवून माप मारायची जुनी युक्ती आहे. काका कुणावर आरोप करायचे नाहीत. नुसते गाळ्यापुढून जाताना म्हणायचे, चिंच महाग झाली म्हणतात. तेवढ्याने विकणारा पांढरा पडायचा.

बरं, हे एकाच बाजूचं नव्हतं. एकदा वाण्याने त्यांना तूरडाळ वीस ग्रॅम जास्त घातली. घरी येऊन मोजली, वीस ग्रॅमची पुडी बांधली, तीन जिने उतरले आणि नेऊन दिली. वाणी म्हणाला, राहू द्या हो काका. तर काका म्हणाले, जास्त हेही चुकलेलंच माप. त्या दिवसापासून तो वाणी यांना घाबरायचा. कमी देऊन पकडला जाणं त्याला समजत होतं, हे समजत नव्हतं.

त्यांची सायकल काळी, लोखंडी, उंच. तिच्या मीटरवर कारखान्याने काय लिहिलंय यावर त्यांचा विश्वास नव्हता. कॉलेजच्या मैदानावर पोलादी टेप टाकून, सायकल तिच्याकडेने दहा वेळा नेऊन त्यांनी तो मीटर स्वतः जुळवून घेतला होता. उजाडायच्या आत, सव्वापाचला, ते तिच्यावरून बाहेर पडायचे आणि आमच्याकडे चहाचं आधण ठेवलं जायचं तेव्हा परत यायचे. तेवढा वेळ ते काहीही तपासत नसत, असं काकू सांगायच्या. लग्नाला अडतीस वर्षं झाली, हा माणूस नुसता हसत घरात येतो तो त्या एका वेळी.

मागच्या दिवाळीच्या आधी खोदलेल्या रस्त्यावरच्या खडीत ते घसरले. कॉलरबोन मोडलं. रिक्षातून घरी आणलं तेव्हा हात गळ्यात होता आणि तोंडाने रिक्षाचं मीटर पुढे पळतंय ही तक्रार चालू होती. पण काकू घाबरल्या. मुलगा वाघोलीला राहतो, तो आला आणि म्हणाला, बाबा, आता पुरे, दोघंही आमच्याकडे चला. वाघोलीला जायचं म्हणजे सायकल संपलीच. नगर रस्त्यावरचे ट्रक काही घंटी ऐकून बाजूला होत नाहीत.

पुढची चूक माझी. ऑफिसातर्फे ड्युएथलॉनला उतरतोय अशी बढाई मी जिन्यात मारली. आमचा सायकलवाला आयत्या वेळी गळाला होता, तेही सांगितलं. काकांनी दार उघडून ऐकलं. रात्री घरात त्यांची आणि काकूंची बोलणी झाली आणि करार ठरला. काकू म्हणाल्या, तुम्ही ठणठणीत आहात ना, मग पोरांबरोबर उतरा. दोन तासांच्या आत संपवलंत तर मी सायकलचं नाव काढणार नाही, वाघोलीचंही नाही. नाही संपवलंत तर सायकल देऊन टाकायची आणि सामान बांधायचं. काका म्हणाले, मान्य.

सकाळी माझी बेल वाजली. मला विचारलं, पळता का नियमित? मी म्हणालो, बसमागे. म्हणाले, चालेल.

तर ती शर्यतीची, रविवारची सकाळ. मी त्रेचाळीस मिनिटांत आलो. तिसऱ्या किलोमीटरला माझ्या बुटाची नाडी सुटली आणि ती बांधायला दोन मिनिटं गेली. नाडी मुळात सुटलीच नव्हती हे फक्त मला आणि ज्या झाडाला टेकलो होतो त्याला माहीत आहे. पोचलो तेव्हा मला वाकता येईना. काकांनीच खाली बसून माझ्या घोट्याचा पट्टा सोडला, स्वतःच्या घोट्याला बांधला आणि निघाले.

आणि काय निघाले! कारच्या किमतीच्या सायकली घेऊन आलेली, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी हेल्मेटं घातलेली मंडळी होती. काका त्यांना घंटी वाजवून बाजूला करत होते. चार किलोमीटरची एक फेरी, अशा पाच. पहिली फेरी संपवून आमच्यासमोरून जाताना ते ओरडले, "नव्वद." पल्लवी म्हणाली, नाडीचे ठोके सांगत असतील, छान आहेत. दुसऱ्या फेरीला ओरडले, "एकशे ऐंशी." आमच्या काळजाचं पाणी झालं. पल्लवी बाटली घेऊन मागे धावली, मी डॉक्टर शोधायला गेलो. तिसऱ्या फेरीला ओरडले, "दोनशे सत्तर." एवढे ठोके पडणारा माणूस सायकलवर बसून राहणं शक्य नाही, म्हणून आम्ही शांत झालो. चौथ्याला तर आम्ही फक्त हात हलवला.

पाचव्या फेरीनंतर खुलासा झाला. पलीकडच्या टोकाला आदल्या दिवशी कुणीतरी रस्ता खोदून ठेवला होता. पुण्यात यात बातमी काहीच नाही. आयोजकांनी वळायच्या खुणेचा प्लॅस्टिकचा कोन पंचेचाळीस मीटर अलीकडे आणला. जाताना पंचेचाळीस, येताना पंचेचाळीस, म्हणजे फेरीमागे नव्वद मीटर कमी. पाच फेऱ्यांचे साडेचारशे. शेकडो सायकलवाल्यांपैकी कुणाच्याही हे लक्षात आलं नाही. ज्यांच्या आलं त्यांनी देवाचे आभार मानले असतील. आमचे काका ते फेडायला निघाले.

सव्वादोनशे मीटर गेले. एका दिव्याच्या खांबाशी वळले. सव्वादोनशे मीटर परत आले. सायकल स्टँडला लावली, नीट लावली, आणि पट्टा सोडून पल्लवीच्या हातात दिला. या सगळ्यात एक मिनिट चाळीस सेकंद गेले. पल्लवी मूळची यवतमाळची, तिथल्या उन्हात पळून तयार झालेली मुलगी. ती जी सुटली, तिचा रंग फक्त दिसला.

ती पोचली तेव्हा दोन तासांवर पन्नास सेकंद झाले होते.

करार तिलाही माहीत होता. ती दुभाजकावर बसली आणि रडायलाच लागली. "काका, असं कोणी करते का हो? तुमचीच सायकल होती ना?" काकांनी तिला स्वतःची पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, धावलात मात्र उत्तम.

मी टेबलाशी गेलो. तिथला तरुण भला होता. म्हणाला, तुमच्या काकांनी तर जास्तच चालवली, पन्नास सेकंदांचं कोण बघतंय, घ्या पदकं, चालतंय की. काका माझ्या मागेच उभे होते. त्यांनी त्याला खोदलेला रस्ता, कोन, नव्वद मीटर, सगळं समजावलं. तो पुन्हा म्हणाला, सर, चालतंय.

"पाटीवर वीस लिहिलंय ना?" काका म्हणाले. "मग लोकांना वीस द्या." पदकाला त्यांनी हात लावला नाही. वेळ संपल्यावर आलेल्याला ते देत नाहीत, असं नियमाच्या कागदावर होतं आणि तो कागद त्यांच्या खिशात होता.

मग मी माझ्या परीने मार्ग काढला. काकूंना फोन लावला आणि मोठ्या आवाजात सांगितलं, झालं, संपवलं, दोन तासांच्या आत, काकांनी धमाल केली. खोटं बोलायचं तर हातचं राखून बोलू नये, असं माझं मत आहे. काकांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"अगं, मी बोलतोय. पन्नास सेकंद उशीर झाला." मग बराच वेळ ते ऐकत होते. मग म्हणाले, "हो. ठरल्याप्रमाणे."

परतीच्या वाटेवर खराडीपासून सदाशिव पेठेपर्यंत मी त्यांना गाडीत झापलं. नेहमी मला ट्रॅफिकचा राग येतो, त्या दिवशी तो मला पुरला नाही. साडेचारशे मीटरसाठी कुणी घर सोडतं का, असं मी चार सिग्नलवर चार वेगवेगळ्या पद्धतीने विचारलं. ते खिडकीबाहेर बघत होते. हिशोब सांगायचा तर माझ्या त्या दोन मिनिटांतही त्यांचे पन्नास सेकंद बसत होते, आणि वर काही उरले असते. मला वाटतं हे त्यांनी केव्हाच ताडलं होतं. माझ्या बुटांच्या नाड्यांकडे त्यांनी एकदा पाहिलंही. पण माझ्या त्रेचाळीस मिनिटांबद्दल काटा काय म्हणतो, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. आणि मी ते झाड त्यांना कधी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी आयोजकांची मेल आली. सायकलचं अंतर साडेचारशे मीटर कमी भरलं, दिलगीर आहोत. निकालाच्या यादीत आमचा संघ सगळ्यात खाली, वेळेबाहेर. त्या अख्ख्या यादीत खरे वीस किलोमीटर चालवलेला एकच माणूस, तो खालून पहिला. मी मेल छापली आणि काका घरात नाहीत बघून काकूंकडे गेलो. म्हणालो, आता तरी करार मोडा.

काकूंनी कागद दोनदा वाचला. "मी रविवारी फोनवरच सोडला होता हो," त्या म्हणाल्या. "ते सोडू देत नाहीत."

महिन्याभरात टेम्पो आला. सायकल इस्त्रीवाल्याला मिळाली, चाकात हवा किती ठेवायची याच्या लेखी सूचनांसह. तो मागे कपड्यांचं गाठोडं बांधून पेठेत फिरतो आणि मीटरवर त्याने प्लॅस्टिकची पिशवी बांधली आहे. समोरच्या दारी आता दोन विद्यार्थी राहतात. त्यांना मी म्हणालो, माझं वजन दोन किलो उतरलंय, तर ते म्हणाले, वा काका. नुसतं वा. माणसाने वजन उतरवावं तरी कुणासाठी?

परवा ऑफिसातून वाघोलीला गेलो. आठवा मजला. काकूंनी चहा दिला आणि आत गेल्या. काका गॅलरीत बसले होते, खाली नगर रस्त्यावर ट्रकांची रांग. तब्येत बरी होती, जरा सुटले होते. मुलगा चांगला आहे, सून चांगली आहे, लिफ्टमध्ये किती माणसं मावतात त्याची पाटी चुकीची आहे, असं सगळं सांगून झालं. मला राहवेना. मी म्हणालो, काका, आता इथे कुणी नाही. एकदा खरं सांगा, त्या साडेचारशे मीटरचा पश्चात्ताप होतो की नाही?

"होतो," ते म्हणाले. "रोज. सव्वापाच ते पावणेसात."