तिसऱ्या बाकावरची मी
ओल्या शाईचा वास आला की नागपुरातला एम.ए.चा वर्ग आठवतो. सरांनी एका नवकवितेचे सायक्लोस्टाइल केलेले कागद वाटले होते. कवितेतला माणूस कुणाच्या तरी दारापर्यंत जातो आणि आपला आवाज लोकांना कसा वाटेल या धास्तीने बेल न वाजवताच परततो. "भित्रा आहे," सगळे म्हणाले. मी काटोलहून बसने येणारी; माझ्या बोलण्याला मुली हसायच्या, म्हणून सहा महिने गप्प होते. त्या दिवशी मात्र उभी राहिले. "सर, तो भित्रा नाही. त्याले आपलाच आवाज परका वाटून राहिला." हशा पिकला. तरी मी बसले नाही. "काहून वाटते?" सरांनी न हसता, माझ्याच बोलीत कारण विचारलं आणि मी तास संपेपर्यंत तशीच बोलत राहिले. पुढे तीस वर्षं मी कविता शिकवली. पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या मुलीचं वाक्य कधी दुरुस्त केलं नाही.